वस्ती विरळ, वक्ते दाट

शहरातल्या प्रत्येक सॉफ्टवेअरवाल्याच्या मनात एक डोंगर असतो. हिंजवडीच्या चौकात गाडी पहिल्या गिअरमध्ये रखडली की तो दिसू लागतो. पायथ्याशी लाकडी घर, घराला ओसरी, ओसरीत लॅपटॉप, आणि नजरेच्या टप्प्यात पण वासाच्या टप्प्याबाहेर एक गाय. माणूस एकही नाही. अमेरिकेतल्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या मनातल्या डोंगराला तर पत्ताही आहे, आणि तो बहुधा व्हरमाँट राज्यातला असतो. या चित्राबरोबर एक सिद्धांतही फुकट मिळतो. तिथल्या शांततेत माणूस चिंतन करतो, चिंतनातून विचार पिकतात, आणि पिकलेले विचार घेऊन तो मोठमोठ्या परिषदांतून व्याख्यानं देत फिरतो. आता त्या डोंगरांतून बोलके प्रोग्रामर निघतात हे मलाही मान्य आहे. त्याचं हे कारण मात्र मान्य नाही. माझं म्हणणं असं, की व्हरमाँटमधल्या प्रोग्रामरला एकांत मिळता मिळत नाही, म्हणून तो बोलका होतो. गप्प बसायचं तर लपता आलं पाहिजे, लपायचं तर गर्दी पाहिजे, आणि गर्दी तेवढी त्या राज्यात नाही.

आकडेच बघा. 2020 च्या जनगणनेत व्हरमाँटची लोकसंख्या 6 लाख 43 हजार भरली. आपला सिंधुदुर्ग जिल्हा 2011 मध्येच साडेआठ लाखांच्या घरात होता, आणि व्हरमाँटचं क्षेत्रफळ सिंधुदुर्गाच्या पावणेपाच पट आहे. सगळ्यात मोठं शहर बर्लिंग्टन, तेही 45 हजारांच्या आत. राजधानी माँटपिलियरमध्ये आठेक हजार माणसं राहतात. अमेरिकेतली ही सर्वांत लहान राजधानी, आणि मॅकडोनाल्ड्स नसलेली एकमेव. राज्याचा पाऊण भाग जंगल. म्हणजे मनातलं चित्र चुकीचं नाही. डोंगर आहे, ओसरी आहे, गाय तर आहेच आहे. चित्रात फक्त एक गोष्ट धरलेली नसते, ती म्हणजे हे सगळं एक राज्य आहे. जिल्हा नव्हे, सहलीचं ठिकाण नव्हे, स्वतःचा कर, स्वतःची न्यायालयं, स्वतःचं विद्यापीठ आणि स्वतःचा मासेमारीचा परवाना असलेलं राज्य.

राज्य लहान असलं म्हणून त्याचे अर्ज लहान होत नाहीत. कॅलिफोर्नियात 3 कोटी 95 लाख लोक राहतात, व्हरमाँटच्या एकसष्ट पट. पण गाडीच्या परवान्याच्या अर्जात नाव, पत्ता, जन्मतारीख आणि सही या रकान्यांना दोन्हीकडे तेवढीच जागा लागते, आणि तो अर्ज गिळणारा प्रोग्राम दोन्हीकडे जवळपास तेवढाच लांब होतो. फरक असा, की कॅलिफोर्नियात त्या प्रोग्रामच्या एकेका रकान्याला एकेक माणूस मिळू शकतो. मोठ्या शहरातल्या मोठ्या कंपनीत एखादा गृहस्थ तीन वर्षं एकाच बटणाचं पालनपोषण करतो, आणि ते बटण हिरवं असावं की निळं यावर त्याची दोन प्रमोशनं होऊन जातात. लहान राज्यात ही चैन नाही. तिथे तोच माणूस सोमवारी डेटाबेस बघतो, मंगळवारी वेबसाइट, बुधवारी ग्राहकाचा फोन घेतो, आणि गुरुवारी कुणाच्या तरी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढतो. ‘कॉम्प्युटरमधलं कळणारा’ अशी गावात एकदा ख्याती झाली की प्रिंटर चुकत नाही. याबाबतीत व्हरमाँट आणि वैभववाडी यांत भेद नाही. आणि या प्रत्येक कामात समोर वेगळा माणूस असतो, त्याला वेगळ्या भाषेत समजवावं लागतं. वक्तृत्वाचा पहिला वर्ग हाच. त्याला फी नाही आणि सुट्टीही नाही.

दुसरा वर्ग मार्चच्या पहिल्या मंगळवारी भरतो. त्या दिवशी व्हरमाँटच्या गावोगाव टाउन मीटिंग असते, म्हणजे ग्रामसभाच. गावचा वर्षाचा खर्च, रस्ते, बर्फ काढायचा नवा ट्रक, सगळं तिथे मांडतात आणि गावकरी हात वर करून किंवा तोंडी हो-नाही म्हणून मंजूर करतात. आपल्याकडे ग्रामसभा म्हटलं की ‘कोरमअभावी तहकूब’ हे शब्द आपोआप पुढे येतात. तिथे नोकरदाराला या सभेसाठी बिनपगारी रजा मिळण्याचा हक्क चक्क कायद्याने दिलेला आहे. बऱ्याच गावांनी आता मतपेट्या आणल्या आहेत, हजेरी पूर्वीसारखी राहिलेली नाही, आणि काही मंडळी चर्चेपेक्षा दुपारच्या जेवणावर लक्ष ठेवून येतात हेही खरं. तरी प्रथा जिवंत आहे. नॉर्मन रॉकवेल हा चित्रकार व्हरमाँटमधल्या आर्लिंग्टन गावी राहत होता. तिथल्या अशाच सभेत त्याचा एक शेजारी उठून बहुमताच्या विरुद्ध बोलला आणि लोकांनी ते ऐकून घेतलं. त्यावरून रॉकवेलने भाषणस्वातंत्र्याचं जे चित्र काढलं ते 1943 मध्ये ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ने छापलं आणि अमेरिकेत घरोघर पोचलं. चित्रातल्या वक्त्याच्या अंगात कामावरचे कपडे आहेत, जाकिटाच्या खिशात घडी घातलेला कागद आहे, आणि आजूबाजूला टाय लावलेली मंडळी मान वर करून बघताहेत. व्यासपीठ नाही, हार नाही, पाण्याचा तांब्या नाही. आणि ‘ज्यांच्या परिचयाची गरज नाही’ अशी सुरुवात करून वीस मिनिटं परिचय करून देणाराही कोणी नाही.

ज्या माणसाने गावाला ट्रक का हवा हे अशा सभेत पटवून दिलेलं असतं, त्याला डेटाबेसची क्वेरी का हवी हे पटवणं अवघड जात नाही. प्रश्न तोच असतो, केवढ्याला पडणार आणि जुना का चालत नाही. शिवाय समोर बसलेल्यांना वक्त्याची सगळी कुंडली ठाऊक असते. मागच्या वर्षी यानेच सुचवलेली वेबसाइट महिनाभर बंद होती हे कोणी विसरलेलं नसतं. मोठ्या शहरातला वक्ता एखादी थाप मारून टॅक्सीत बसतो. इथला वक्ता थाप मारतो तेव्हा पुढच्या शनिवारी वाण्याच्या दुकानात दुधाच्या रांगेत तिचा खुलासा देत उभा असतो. लोकप्रतिनिधींचीही यातून सुटका नाही. साडेसहा लाखांच्या आतल्या या राज्याच्या खालच्या सभागृहात 150 सदस्य आहेत, म्हणजे सरासरी चार हजार तीनशे माणसांमागे एक आमदार. आपल्याकडे एवढ्या वस्तीवर ग्रामपंचायत असते, आणि तिच्या सदस्याच्या वाढदिवसाला चौकात फलक लागतो. व्हरमाँटमध्ये तीही सोय नाही, कारण रस्त्याकडेच्या जाहिरात फलकांवर 1968 च्या कायद्याने बंदी आहे. तेव्हा आमदाराला आणि प्रोग्रामरला ओळख वाढवायची तर तोंडच वापरावं लागतं.

आता प्रोग्रामर मंडळींच्या स्वतःच्या सभा घ्या. बर्लिंग्टनला काही वर्षं व्हरमाँट कोड कँप भरत असे. शनिवारचा दिवस, विद्यापीठाचे वर्ग, प्रवेश फुकट आणि वक्त्यांना मानधन नाही. लहान राज्यातल्या असल्या उपक्रमात वक्ता, आयोजक, प्रोजेक्टर लावणारा आणि सतरंज्या उचलणारा हे चार वेगळे लोक असतील अशी अपेक्षा कोणी करू नये. सभेचा अध्यक्ष दुसऱ्याचं व्याख्यान संपायच्या आत पिझ्झा घ्यायला जातो, आणि परत येऊन स्वतःच्या व्याख्यानाला उभा राहतो. पण खरी गोम श्रोत्यांत आहे. गेल्या महिन्यात जे आले होते तेच या महिन्यातही येतात, कारण दुसरे नाहीतच. परिषदांच्या मोठ्या जगात एक व्याख्यान तीन वर्षं चालतं. पहिल्या स्लाइडवरची तारीख बदलली की पुरे, आणि कीर्तनकाराच्या ठरलेल्या विनोदासारखा चौदाव्या स्लाइडवरचा विनोदही दर गावी ताजा. लहान राज्यात तेच व्याख्यान दुसऱ्यांदा दिलं तर विनोद श्रोते आधी सांगतात. तेव्हा वक्त्याला दर खेपेला काहीतरी नवं शिकावं लागतं. पुष्कळांची विद्वत्ता अशी निव्वळ लाजेपोटी वाढलेली आहे.

बरं, हे मोजके श्रोतेही एका जातीचे नसतात. एकच विषय जाणणारी पन्नास माणसं जमवायची तर पन्नास मैलांच्या परिघात तेवढे प्रोग्रामर असावे लागतात, आणि ते नसतात. त्यामुळे समोर एक बँकेतला, एक इस्पितळातला, दोन विद्यार्थी, एक नुकताच निवृत्त झालेला, आणि एक चीज बनवणारा, ज्याला आपलं चीज इंटरनेटवर विकायचं आहे. मेपलच्या बागेवाल्याचंही काम असतंच. अमेरिकेतल्या मेपल सिरपपैकी निम्म्याच्या आसपास एकटं व्हरमाँट काढतं, आणि झाडाझाडांतून रस ओढणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळ्या कुठे गळताहेत हे आता सेन्सर फोनवर कळवतात. असल्या मेळाव्यात इंग्रजी आद्याक्षरांची माळ जपून चालत नाही. चीजवाला तिसऱ्या मिनिटाला हात वर करतो. सर्वांना कळेल असं करायची ही सक्ती त्या मुलुखाला नवी नाही. बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा 1964 मध्ये जन्मली ती डार्टमथ कॉलेजात, केमेनी आणि कर्ट्झ या दोन गणिताच्या प्राध्यापकांच्या हातून. कॉलेज कनेक्टिकट नदीच्या पलीकडच्या काठावर आहे, म्हणजे हद्द न्यू हॅम्पशायरची. श्रेय पळवायचा हेतू नाही. काठ बदलला तरी मुलूख तोच, तसाच आडबाजूचा. त्या दोघांना इतिहास आणि साहित्य शिकणाऱ्या मुलांनाही कॉम्प्युटर वापरता यावा असं वाटत होतं. आसपास हजारो इंजिनिअर असते तर इतिहासवाल्याची आठवण इतक्या लवकर झाली असती का, याची मला शंका आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की नाव होतं ते बाहेर. टाळ्या लास व्हेगासला आणि युरोपात पडतात. व्हरमाँटात फक्त अंथरूण असतं. आक्षेप अर्धा बरोबर आहे. बर्लिंग्टनच्या विमानतळावरून थेट उड्डाणं मोजकीच, त्यामुळे तिथल्या वक्त्याचं निम्मं आयुष्य मधल्या विमानतळांवरच्या खुर्च्यांत जातं. पण ज्युली लर्मन यांचं उदाहरण पाहा. मायक्रोसॉफ्टच्या एंटिटी फ्रेमवर्कवरचं त्यांचं जाडजूड पुस्तक 2009 मध्ये आलं, आणि डेटाबेसशी झटणाऱ्या डॉटनेटवाल्यांच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टची साधनं वापरणाऱ्या प्रोग्रामर मंडळींच्या, टेबलांवर जाऊन बसलं. देशोदेशींच्या परिषदांत त्या बोलत आल्या. राहतात व्हरमाँटच्या डोंगरात, आणि तिथल्या डॉटनेटवाल्यांचा स्थानिक गट त्यांनीच वर्षानुवर्षं चालवला. बाहेर टाळ्या घेणारा माणूस घरी खुर्च्या मांडतो, आणि खुर्च्या मांडता मांडता कोणत्या वाक्याला लोक घड्याळाकडे बघतात ते शिकतो. लास व्हेगासच्या दालनात हजार माणसं असतात. त्यांतल्या दोनशे जणांनी फोन काढला तरी वक्त्याला दिव्यांच्या झोतात दिसत नाही. बारा जणांच्या खोलीत एकाने काढला तरी दिसतं.

दुसरा आक्षेप इंटरनेटवाल्यांचा. आता जागेला काय महत्त्व, वायर आली की मुंबई काय आणि माँटपिलियर काय, सगळं सारखं. वायर आली की खरं. पण ती आली कशी हे विचारायचं राहून जातं. विरळ वस्तीत दोन घरांमध्ये अर्धा मैल जंगल असतं, आणि तेवढी केबल टाकून एकच ग्राहक मिळत असेल तर कोणत्याच कंपनीला परोपकाराची उबळ येत नाही. तेव्हा 2008 च्या मार्चमध्ये व्हरमाँटच्या पूर्व-मध्य भागातल्या वीसेक गावांनी आपापल्या टाउन मीटिंगमध्ये ठराव केला, की आपणच एकत्र येऊन फायबर टाकू. यातून ईसीफायबर उभं राहिलं. त्याच वर्षी जगाची अर्थव्यवस्था कोसळली आणि ठरवलेलं कर्ज हवेत विरलं. मग गावकऱ्यांनीच आपले पैसे कर्जाऊ दिले, आणि 2011 पासून घरांना एकेक करून जोडण्या मिळू लागल्या. पुढे 2015 मध्ये राज्याने अशा गावसंघांसाठी कायदाच केला. म्हणजे जागेला महत्त्व नाही असं सांगणारी ती वायर जागेवरच्या माणसांनी सभेत उठून, भांडून, शेजाऱ्याच्या खिशात हात घालून ओढून आणलेली आहे. फायबर म्हणजे काय हे गुराख्यापासून निवृत्त न्यायाधीशापर्यंत सगळ्यांना ज्यांनी समजावलं असेल, त्यांना पुढे कोणत्याही परिषदेत घाम फुटायचं कारण नव्हतं.

तिसरा आक्षेप जरा टोचणारा आहे. हे सगळं एवढं छान असेल तर तरुण मुलं तिथून जातात का? जातात हे खरंच आहे. अमेरिकेतल्या सर्वांत वयस्क राज्यांत व्हरमाँटची गणना होते. मोठी नोकरी म्हणजे बराच काळ एकच होती. आयबीएम 1957 मध्ये एसेक्स जंक्शनला आली, तिथे चिपा बनू लागल्या, आणि भरभराटीच्या दिवसांत आठ हजारांवर माणसं कामाला होती. 2015 मध्ये आयबीएमने तो विभाग ग्लोबलफाउंड्रीजला दिला. विकला म्हणायचीही पंचाईत, कारण घेणाऱ्यानेच दीड अब्ज डॉलर घेतले. पुढे 2018 मध्ये सरकारने वेगळी युक्ती काढली. बाहेरच्या कंपनीचं काम घरून करणारा कोणी व्हरमाँटात येऊन राहिला, तर त्याला दोन वर्षांत 10 हजार डॉलरपर्यंत मिळतील, 2019 पासून. बातमी जगभर गेली ती ‘इथे राहायला पैसे देतात’ अशी. प्रत्यक्षात मिळणार होती ती खर्चाची भरपाई, म्हणजे सामान हलवायची, कॉम्प्युटरची, इंटरनेटची बिलं जोडा आणि रक्कम घ्या. तिजोरीही मर्यादित होती. डोंगर बघून धावलेल्यांना पहिलं दर्शन अर्जाचं झालं. तेव्हा लहान राज्य माणसं धरून ठेवतं असं मी म्हणतच नाही. जी राहतात, त्यांना गप्प राहू देत नाही एवढंच म्हणतो. नवा आलेला एकांतप्रेमी पहिल्या हिवाळ्यात बर्फ उपसायला शेजाऱ्याची मदत घेतो, दुसऱ्या हिवाळ्यात टाउन मीटिंगला जातो, आणि तिसऱ्यापर्यंत गावाच्या कुठल्यातरी समितीवर असतो, बहुधा इंटरनेटच्या.

मग विरळ वस्तीतून सगळीकडेच वक्ते का निघत नाहीत, सिंधुदुर्गात का नाहीत, असंही कोणी विचारेल. सिंधुदुर्गात वक्ते नाहीत असं म्हणणाऱ्याने एकदा तिथल्या एसटी स्टँडवर बसून यावं. तिथे उणीव वक्तृत्वाची नाही, कामाची आहे. जिल्ह्याचे अर्ज मुंबईत ठरतात, प्रोग्रामही बाहेरच होतात, आणि ते करणारी मालवणची मुलं पुण्यात भाड्याच्या खोलीत राहतात. व्हरमाँटचे अर्ज माँटपिलियरमध्ये ठरतात. आठ हजारांचं असलं तरी ते सचिवालयाचं गाव आहे.

राहता राहिला शेवटचा प्रश्न, आणि तो सगळ्यात व्यवहारी आहे. प्रत्येक जण बोलणार असेल तर ऐकणार कोण? याचं उत्तर आपल्या लग्नाच्या आहेराच्या वहीत आहे. तुम्ही माझ्याकडे आला होतात, आता मी तुमच्याकडे येणं भाग आहे. तुम्ही स्टीलचा डबा दिला होतात, मी किमान तेवढाच देईन. लहान राज्यात श्रवण ही अशीच परतफेड असते. माझं चाळीस मिनिटांचं व्याख्यान तुम्ही न हलता ऐकलंत, तर तुमच्या नव्या टेस्टिंग टूलवर मी चाळीस मिनिटं मान डोलावणार, आणि शेवटी एक प्रश्नही विचारणार, कारण प्रश्न न विचारणं म्हणजे रिकामं पाकीट देणं. यातून अंग काढून घेणं फार कठीण. आजारी आहे म्हणावं तर शेजारीण सूप घेऊन येते. ऑफिसचं काम आहे म्हणावं तर ऑफिसातला दुसरा माणूस सभेतच बसलेला असतो. फक्त बर्फ वितळतं तेव्हा, मार्च-एप्रिलच्या सुमाराला, एक सवलत मिळते. राज्यातले निम्म्याहून अधिक रस्ते कच्चे आहेत. वरची माती सैल होते, खालची अजून गोठलेली असते, पाणी झिरपायला वाट नसते, आणि रस्त्याचा चिखल होऊन गाडी त्यात बसते. व्हरमाँटवाले या दिवसांना हिवाळा आणि वसंत यांच्यामधला पाचवा ऋतू मानतात. त्या दिवसांत ‘रस्ता खचलाय, येता येत नाही’ एवढा निरोप पुरतो, आणि त्याच्या खरेखोटेपणाची चौकशी कोणी करत नाही. चौकशीला येणाऱ्याची गाडीही त्याच रस्त्याने यायची असते.